गरम असताना निर्दोष

१

ओव्हनच्या दाराची मूठ भीमराज ओव्हाळच्या हातातून सोडवायला दोघांना जोर लावावा लागला. बबनराव फोरमननं आधी भिंतीवरचा मेन स्विच पाडला होता, म्हणून त्या दोघांना काही झालं नाही. भीमराजचं मात्र जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रात्रपाळीनं फरशी धुऊन ठेवली होती. त्या ओल्या फरशीवर तो अनवाणी उभा राहिला होता. चपला दारापाशी तशाच होत्या.

साल अठ्ठ्याहत्तर, डिसेंबरातली गारठलेली सकाळ. भोसरीच्या एमआयडीसीत ‘परीस सिरॅमिक्स’ नावाचा छोटा कारखाना होता. रेडिओच्या कंडेन्सरमध्ये बसणाऱ्या, शर्टाच्या गुंडीएवढ्या चकत्या तिथं भाजून निघत. भीमराज भट्टीखात्यात होता. सगळ्यांच्या आधी येऊन ओव्हन लावायचं काम त्याचं, आणि हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

विजेनं माणूस मेला की सरकारी विद्युत निरीक्षकाला वर्दी जाते. दुपारी किसन रणपिसे आले. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. वडिलांनी वर्कशॉपात हेल्परकी करून शिकवलेला. असल्या मरणांची त्यांना सवय झाली होती, आणि ती सवयच त्यांना आताशा खुपायची.

मॅनेजर यशवंतराव त्यांना दारातच भेटले. उंच, नीटनेटके, डोळे लाल झालेले. चकत्यांचं सगळं रसायन याच माणसाच्या डोक्यातून निघे. फौजदार दौलतराव शेजारी उभे होते.

“घाई केली म्हणून रागावू नका,” यशवंतराव म्हणाले, “पण फौजदारसाहेबांच्या देखत मी एक तपासणी उरकून घेतली. ओव्हन चालू केला की शेजारच्या टेस्टिंगच्या रेडिओत खरखर यायची. म्हणून विजेची तार आणि ओव्हनचं लोखंडी अंग यांच्यामध्ये आमचीच एक चकती बसवली होती. चकती खरखर जिरवते आणि वीज अडवते. तीच जर बिघडली असती तर अंगात वीज उतरली असती. मला पहिली शंका तिचीच आली.”

“मग?”

“ओल असली तर मीटर फसवतो. म्हणून चकती काढली, हॉटप्लेटवर चांगली तापवली आणि मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.”

“मी पाहिलं,” दौलतराव म्हणाले. “पंचांनीही पाहिलं. चकती लगेच पाकिटात घालून सील केली.”

“म्हणजे चकती निर्दोष,” यशवंतराव हळू आवाजात म्हणाले. “भीमराजला जिथं तिथं हात घालायची खोड होती. स्विचबॉक्स उघडून त्यानं जिवंत तारेला हात लावला असणार. चांगला मुलगा होता हो.”

किसननी पाकीट घेतलं आणि खाली बसून ओव्हनचा स्विचबॉक्स पाहिला.

“हा बॉक्स सकाळी उघडा होता?”

उत्तर बबनरावांनी दिलं. साठीकडं झुकलेला, जुन्या गावकीतला माणूस. “न्हाई सायेब. झाकण घट्ट बसल्यालं हुतं. म्यानेजरसायबांनी स्क्रू काढून उघाडलं, फौजदार आल्यावर.”

किसन उठले नाहीत. आत हात घालून मेलेल्या माणसानं झाकण परत पिळून बसवलं कसं, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. पण त्या क्षणापासून तो त्यांच्या मानेवर येऊन बसला.

२

“अर्थिंग कुठं आहे?” त्यांनी बबनरावांना बाजूला घेऊन विचारलं. ओव्हनच्या अंगात वीज उतरली तरी अर्थिंगची तार ती जमिनीत नेते, माणूस वाचतो. इथं ती तार भिंतीपाशीच तुटून लोंबत होती.

बबनरावांनी मान खाली घातली. “नव्या शेडचा पाया खंदताना तुटली. दिवाळीच्या आधी.”

“आणि तुम्ही जोडली नाही.”

“आमचं न् भीमराजचं त्याच्यावरनंच वाजलं सायेब. समद्यांदेखत मला म्हनला, बबननाना, कोन तरी मरंल तवा जोडताल का? मलाबी राग आला, मी त्याला नको ते बोललो. आता लोक म्हनत्याल, बबननंच केलं.”

“जोडली का नाही?”

“म्या जोडनारच हुतो. तार आनून ठिवली हुती. म्यानेजरसायेब म्हनलं, ऱ्हाऊ द्या, जमिनीत पुरायची नवी प्लेट यीऊ द्या, मंग एकदाच काय ते पक्कं करू.” म्हाताऱ्यानं तुटलेल्या तारेकडं पाहिलं. “आयकायला नको हुतं. पोरगं हाताखाली वाढलं माज्या.”

किसन पुण्याच्या ऑफिसात परतले तेव्हा चहाची वेळ होती. पाकीट फोडून त्यांनी चकती टेबलावर ठेवली. तपकिरी वार्निश चढवलेली, कडेला पास झाल्याचा हिरवा ठिपका. जे तपासून झालं आहे ते पुन्हा तपासायचं कारण नव्हतं. केवळ हाताच्या सवयीनं त्यांनी मीटरच्या दोन पिना चकतीला लावल्या.

काटा सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला. चकतीतून वीज तारेतून जावी तशी जात होती.

त्यांनी मीटर बदलला. तेच. मग ऑफिसातल्या चहाच्या शेगडीवर पत्रा ठेवून चकती तापवली आणि पुन्हा पिना लावल्या. काटा हळूहळू मागं आला आणि जागेवर बसला. गार होऊ दिली. काटा परत टोकाला. किसन कितीतरी वेळ तोच खेळ करत बसले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गार असताना माणूस मारणारी आणि गरम असताना साव होणारी वस्तू पाहिली नव्हती.

एवढं मात्र आता नक्की होतं, की भीमराजला या चकतीनं मारलं. आणि चकतीवर पासचा ठिपका होता. चकत्या तपासून ते ठिपके कोण लावतं, हे त्यांनी कारखान्यातच विचारून घेतलं होतं. भीमराजची धाकटी बहीण, नीला.

३

पिंपरीच्या चाळीतली भीमराजची खोली दोन दिवसांनीही माणसांनी भरलेली होती, तरी तिथं आवाज नव्हता. किसननी दारात हात जोडले. “जय भीम.” कुणीतरी सतरंजीवर जागा करून दिली. नीला भिंतीला टेकून बसली होती. विशीतली, बारीक चणीची. आईबापामागं भीमराजनंच तिला वाढवलं आणि कारखान्यात चिकटवलं, असं शेजारणीनं कुजबुजत सांगितलं.

किसनना खोटं बोलता आलं नाही. “चकती खराब होती,” ते म्हणाले.

नीलाचा चेहरा आधीच इतका उतरलेला होता की तो आणखी उतरेल असं वाटलं नव्हतं. “म्हणजे मीच मारलं त्याला,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून मला वाटतंय ते. खात्यात लागणारी एकेक चकती माझ्या हाताखालून जाते. माझं लक्ष नसेल त्या वेळी. फौजदारांना सांगा, मी येते.”

शेजारणी रडू लागल्या. किसननी पाकीट काढलं. “आधी हिच्याकडे बघा. नीट बघा.”

“नको.”

“बघायला पाहिजे, नीलाताई. भावासाठी.”

तिनं चकती तळहातावर घेतली. मग तिनं ती उजेडाकडं वळवली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“हा ठिपका माझा नाही.”

“कशावरून?”

“मी आगपेटीच्या काडीनं लावते. गोल आणि छोटा येतो. हा ब्रशनं ओढलाय, शेपटी आली आहे बघा. आणि...” तिनं कडेला वार्निश उडालं होतं तिथं नखानं खरवडलं. खालून पाटीच्या दगडासारखा निळसर करडा रंग दिसला. “आमच्या चकत्या आतून सायीसारख्या असतात. ही आमची नाहीच.”

किसननी श्वास सोडला. मग मॅनेजरसाहेबांनी चकती गरम करून तपासली त्याचं त्यांनी विचारलं.

“ओल काढायला आम्हीपण तापवतो,” नीला म्हणाली. “पण तापवून झाल्यावर काचेच्या बरणीत झाकून गार करायची, मग मीटर लावायचा. गरम असताना लावलेला आकडा धरायचाच नाही. एकदा मी घाईत गरमच तपासली, तर खूप बोलणी खाल्ली होती.”

“कुणाची?”

“यशवंतराव साहेबांची. त्यांनीच शिकवलंय ना आम्हाला सगळं.”

४

यशवंतरावांनी चकतीची हकिगत शांतपणे ऐकून घेतली. “तुमच्या मीटरचा दोष असेल,” ते म्हणाले. “सिरॅमिक तापलं की त्यातून वीज जास्त वाहते, कमी नाही. गार असताना वाहते आणि तापल्यावर अडते, असा पदार्थ मी तरी पाहिलेला नाही. रणपिसे म्हणजे... तुम्ही मूळचे कुठले?”

“इथलेच,” किसन म्हणाले. “तुम्ही?”

“रहाटणी. पिढ्यान् पिढ्या. जमिनी गेल्या, घर राहिलं. घरातला पहिला शिकलेला मी.”

किसन फाटकाबाहेर पडले. बसथांब्यावर एक मुलगी त्यांची वाट बघत उभी होती. प्रयोगशाळेत काम करणारी इंद्रायणी, यशवंतरावांची बहीण. साडीचा पदर तिनं अंगाभोवती आवळून घेतला होता.

“नीलानं सांगितलं मला,” ती म्हणाली. “निळसर चकती. खरं आहे?”

किसननी चकती दाखवली. तिनं हात पुढं केला नाही. नुसतं एकदा पाहिलं.

“आमची आहे. वर्षभर आम्ही यावर काम करत होतो. मोटार तापली की आपोआप वीज तोडेल अशी चकती करायची होती.”

“मला समजेल असं सांगा.”

“चकती म्हणजे बेरियम टायटनेट. त्यात बेरियमचे अणू आपापल्या घरात बसलेले असतात. सगळे इलेक्ट्रॉन बांधलेले, म्हणून वीज वाहत नाही. आता हजारातल्या तीन-चार घरांतून बेरियम काढायचं आणि तिथं लँथॅनम बसवायचं. लँथॅनम येताना एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आणतं. त्याला बांधायला कुणी नसतं, तो मोकळा हिंडतो. चकती निळी पडते आणि वीज वाहू लागते.”

“आणि तापल्यावर?”

“गार असताना प्रत्येक घर एका बाजूला जरासं ताणलेलं असतं. एकशेवीस अंशांच्या आसपास ते ताण सोडून देतं आणि सरळ चौकोनी होतं. ठेवण बदलली की चकतीतल्या कणाकणाच्या शिवेवर वीज अडते. लँथॅनम थोडं जास्त पडलं तरी सगळं फसतं. आम्हाला कित्येक महिने जमत नव्हतं. भीमराजनं भट्टीची आच सांभाळली तेव्हा जमलं.” त्याचं नाव घेताना तिचा आवाज फुटला, आणि तो ज्या तऱ्हेनं फुटला त्यावरून किसनना कळायचं ते कळलं.

“तुम्ही दोघं लग्न करणार होतात?”

“जानेवारीत. रजिस्टर पद्धतीनं. दादाला मी स्वतः सांगितलं, चोरून काही करायचं नव्हतं. वाटलं होतं, दादा शिकलेला आहे. चौदा एप्रिलला तो भीमराजच्या चाळीत जेवून आला होता.”

“काय म्हणाले?”

“काहीच नाही. मग म्हणाला, मुलगा चांगला आहे.”

बस आली. ती चढली नाही, किसनही चढले नाहीत.

“इंद्रायणीताई,” ते म्हणाले, “ही चकती करणं जाणणारी माणसं तीनच. त्यातला एक मेला. उरले तुम्ही आणि तुमचे बंधू. मला दोघांनाही धरून विचार करावा लागेल.”

“करा,” ती म्हणाली. “भीमराजसाठी मलाही सोडू नका.”

५

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फौजदार दौलतराव होते, बबनराव होते, आणि खिडकीशी इंद्रायणी होती. बाहेर धुकं अजून उतरलं नव्हतं, त्यामुळं दिवसाही दिवे लावावे लागले होते. किसननी चकती गार असताना तपासून दाखवली. मग हॉटप्लेटवर ठेवून पुन्हा. दौलतराव काट्याकडं बघतच राहिले.

यशवंतरावांनी खांदे उडवले. “काल मला बोलायचं नव्हतं. कंपनीचं संशोधन गुप्त असतं. हो, आम्ही अशा चकत्या केल्या. त्यातली एक चुकून चांगल्या मालात मिसळली. नीलानं न बघता पास केली. बिचारीला शिक्षा होऊ नये म्हणून मी गप्प होतो.”

“मिसळली असती तर तशीच सापडली असती,” किसन म्हणाले. “तुमच्या प्रयोगाच्या चकत्यांना वार्निश नाही, ठिपका नाही. इंद्रायणीताईंनी कपाट उघडून दाखवल्या मला. हिला मात्र कुणीतरी मुद्दाम बाकीच्यांसारखी सजवली. ठिपकासुद्धा लावला, तोही ब्रशनं. नीला काडीनं लावते. तेव्हा चूक हा शब्द आपण सोडून देऊ.”

“मग नीलाच कशाला, ही इंद्रायणीही करू शकली असती.” हे बोलताना यशवंतरावांनी बहिणीकडं पाहिलं नाही.

“तेच मी रात्रभर विचार करत होतो. चकती दोघांनाही करता येत होती. बसवायलाही कठीण नाही. पण ती बसवून काम भागत नव्हतं. अर्थिंग जोडलेली असती तर भीमराजला काही झालं नसतं. बबनरावांनी तार आणून ठेवली होती. त्यांना थांबवलं कुणी?”

बबनराव भिंतीकडं बघत म्हणाले, “सायबांनी. म्या सांगितलंय त्यांना.”

“त्यालाही कारण सांगता येईल,” किसन पुढं म्हणाले. “म्हणून तेही सोडू. पण भीमराज मेल्यावर काय झालं ते बघा. चकतीवर संशय येणार, ती तपासली जाणार, हे उघड होतं. कारण माहीत नसलेला माणूस ती कशी तपासेल? तुमच्याच नियमानं: तापवायची, गार करायची, मग मीटर. हा नियम तुम्ही केलात. तो मोडला म्हणून नीलाला बोललात. मग त्या सकाळी, फौजदारांसमोर, तुम्ही स्वतः तो का मोडलात? गार होईपर्यंत थांबला असतात तर काटा टोकाला गेला असता. या चकतीला निर्दोष ठरवायची वेळ एकच होती, ती गरम असतानाची. ती वेळ तुम्ही अचूक साधलीत. म्हणजे हॉटप्लेटवर कोणती चकती आहे हे मीटर लावायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं. बिचाऱ्या मुलीची दया आली म्हणता, पण मीटर लावण्याआधी दया कशाची येणार?”

यशवंतरावांनी टेबलाची कड धरली. मग ते खाली बसले, आणि पहिल्यांदाच बहिणीकडं वळले.

“तुला कॉलेजात मी घातलं,” ते म्हणाले. “गावानं नावं ठेवली तरी घातलं. एका घरात दुसरा आणून बसवला की सगळी ठेवण बदलते, हे तुला शिकवायला पाहिजे होतं का? तू तर केमिस्ट्री शिकलीस.”

इंद्रायणी जागची हलली नाही. “त्या चकतीसाठी तो रात्रंदिवस भट्टीसमोर बसला होता, दादा,” ती म्हणाली. “तुझं नाव होईल म्हणून.”

दौलतरावांनी हवालदाराला आत बोलावलं. जाताना यशवंतरावांनी सवयीनं हॉटप्लेटचं बटण बंद केलं.

६

निकाल लागायला वर्ष गेलं. इंद्रायणीनं कोर्टात भावाविरुद्ध साक्ष दिली. रहाटणीच्या घराचं दार तिला त्याच दिवशी बंद झालं, आणि ती नाशिककडं कुठल्याशा शाळेत नोकरीला लागली असं पुढं कानावर आलं. बबनरावांनी नोकरी सोडली. जाण्याआधी त्यांनी ती अर्थिंगची तार आपल्या हातानं जोडली, असं म्हणतात.

पण हे सगळं पुढचं. अटक झाली त्याच दिवशी संध्याकाळच्या आत किसन पिंपरीच्या चाळीत गेले. असल्या कामात आनंदाची बातमी देण्याचे प्रसंग त्यांच्या वाट्याला येत नसत. हा एक आला आहे असं त्यांना वाटत होतं. वाटेत त्यांनी शब्दही जुळवून ठेवले होते.

खोलीत नीला एकटीच होती. ती कंदिलाची काच पुसत होती. किसननी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “तुमचा काही दोष नव्हता, नीलाताई. तुमच्या हातून काहीच चुकलं नाही. हे मनातून काढून टाका.”

नीलानं काच बाजूला ठेवली. खाली नळावर बायकांची भांडी वाजत होती.

“साहेब त्याला पाठीवर हात ठेवून बोलायचे,” ती म्हणाली. “आमच्या घरी आले तेव्हा मी वाढलं त्यांना. दोनदा आमटी मागून घेतली.”



“माझ्या चुकीनं गेला असता, तर मी आयुष्यभर रडले असते,” ती पुढं म्हणाली. “पण ते माझ्यापाशीच राहिलं असतं. आता कुणी माझ्याशी नीट बोललं की मला भीती वाटणार. हे मी कुठं ठेवू, ते सांगा.”

जुळवून आणलेल्यांपैकी उरलेले शब्द किसननी तसेच गिळले. मग अंधार पडायला लागला म्हणून नीलानं उठून दिवा लावला, आणि चेहरे दिसण्याइतका उजेड झाला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.